नक्कल की आणखी काही? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. टेक्सास-मेक्सिको सीमेवरच्या अकॉर्डियन-संगीतावरचा माझा लेख तुम्ही चांगलाच सोलून काढलात. तुमचे आक्षेप तीन. या संगीतातला अकॉर्डियनवादक नार्सिसो मार्तिनेस टेक्सासमध्ये जन्मला असं मी लिहिलं, ते चूक. हे संगीत, म्हणजे 'कोनहुंतो', ही जर्मन पोल्का नाचाच्या संगीताची नक्कल. आणि गोऱ्या रॉकवाल्यांनी हात दिला नसता तर ते वेशीबाहेर पडलंच नसतं.

पहिला आक्षेप बिनशर्त मान्य. मार्तिनेस १९११ साली सीमेवरच्या रिओ ग्रांदे नदीपलीकडे, मेक्सिकोतल्या रेनोसात जन्मला, वाढला टेक्सासात. लेखात दुरुस्ती केली आहे.

दुसऱ्यावर मात्र भांडणार. पोल्का बोहेमियाचा, वाद्य जर्मन, हे मीही लिहिलंच होतं. न्यू ब्राउनफेल्स हे जर्मनांनी १८४५ मध्ये वसवलेलं गाव सॅन अँटोनियोच्या जवळच आहे, तिथल्या नाचाचे सूर आजूबाजूला पोचणारच. पण मार्तिनेसने त्याचं काय केलं ते बघा. बटणांच्या अकॉर्डियनला डाव्या हाताशी खर्जाची बटणं असतात, त्यांवर तो ठरावीक 'उम्-पा, उम्-पा' चालतो. मार्तिनेसने ती बटणं जवळजवळ सोडूनच दिली. खर्ज आणि ठेका सोपवला साथीदार सान्तियागो अल्मेइदाच्या बाहो सेक्स्तोवर. हे गिटारच्या जातीचं, बारा तारांच्या सहा जोड्यांचं वाद्य. उजवा हात मोकळा सुटला. त्यात या अकॉर्डियनचं एकच बटण भाता दाबताना एक सूर देतं आणि ओढताना दुसराच! आपल्या पेटीवाल्याला हे सांगून बघा, तो हातच जोडेल. सूर बदलायचा तर भाता उलटा फिरवावा लागतो, म्हणून सुरावट झटक्याझटक्याने उसळत जाते. लोक मार्तिनेसला 'खोऱ्यातलं चक्रीवादळ' म्हणायचे ते उगाच नाही.

तुमच्या बाजूचा एक पुरावा मीच देतो. ब्लूबर्ड या रेकॉर्ड कंपनीने मार्तिनेसच्याच तबकड्या लुइझियानातल्या केजन (फ्रेंच वंशाच्या) गिऱ्हाइकांना 'लुइझियाना पीट' या नावाने आणि पोलिश गिऱ्हाइकांना 'पोल्स्की क्वार्तेत' या नावाने विकल्या. म्हणजे कंपनीच्या लेखी सगळा एकच माल! पण मला त्यात वेगळंच दिसतं. नाव झाकल्यावरही तीन-तीन समाज त्यावर नाचायला तयार होते. मार्तिनेसला मात्र रॉयल्टी मिळाली नाही. त्याने शेतात मजुरी केली, ट्रक चालवला, उतारवयात ब्राउन्सव्हिलच्या प्राणिसंग्रहालयात नोकरी केली.

आता रॉकवाले. कोनहुंतोचा अकॉर्डियनवादक फ्लाको हिमेनेसला १९७३ मध्ये डग साहमने आणि १९७६ मध्ये राय कूडरने, या दोन अमेरिकन रॉकवाल्यांनी, आपल्या आल्बमवर घेतलं. १९९४ मध्ये तो रोलिंग स्टोन्सबरोबरही वाजवून आला. युरोपातल्या कानांपर्यंत हे संगीत पोचलं त्यात यांचा वाटा मोठा आहे, इथे तुमचं बरोबर. पण त्याआधीची जवळपास चार दशकं ते हंगामी मजुरांबरोबर फिरत होतं : कापूस वेचायला, मिशिगनच्या शुगर बीटच्या शेतांवर, कॅलिफोर्नियात. मजूर जिथे उतरतील तिथे नाच. आणि नदीपलीकडचं भावंड, उत्तर मेक्सिकोतलं नॉर्तेन्यो संगीत? मेक्सिकोतल्या सिनालोआचा 'लोस तिग्रेस देल नोर्ते' हा बँड; ते १९६० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत येऊन राहिले आणि पुढे लॅटिन अमेरिकाभर गाजले. ते कुठल्या रॉकवाल्याच्या चिठ्ठीवर?

बरं, नक्कलेचाच विषय आहे तर नेदरलँड्समध्ये चला. लिंबुर्ग प्रांतातला 'रोवेन हेझे' हा बँड १९८५ पासूनचा. गातात आपल्या गावच्या बोलीत, अकॉर्डियन मात्र टेक्स-मेक्स वळणाचं. गावाचं नाव 'अमेरिका' (खरंच, नकाशात बघा). जर्मनीची हद्द तिथून अगदी जवळ. पोल्का हवा असता तर शेजारी मागून मिळाला असता. यांनी तो टेक्सासचा आणला.

शेवटी तुम्ही विचारलंत, ऐकायला सुरुवात कुठून करू. १९३६ ची मार्तिनेसची 'ला चिचारोनेरा' लावा. हेडफोन घाला आणि अकॉर्डियनचा डावा हात शोधा. तिथे तुम्हाला अल्मेइदा भेटेल.