‘वीक’ टाइप म्हणजे कंपायलरचा गोंधळ? अजिबात नाही

ओकॅमल ही प्रोग्रामिंग भाषा शिकणाऱ्यांमध्ये एक समज फार फिरतो: टाइपमध्ये ‘वीक-१’ दिसलं की समजायचं, टाइप इन्फरन्सने (म्हणजे न सांगता टाइप ओळखणाऱ्या कंपायलरच्या भागाने) हात टेकले. हाताने टाइप लिहिला की म्हणे प्रश्न मिटतो. आणि हॅस्केल या भाषेत म्हणे ही भानगडच नाही.

आधी ‘हात टेकले’चं बघू. एका रेफमध्ये (आतली व्हॅल्यू नंतर बदलता येते अशा डब्यात) रिकामी यादी ठेवा. टॉपलेव्हल, म्हणजे ओळ लिहिताच उत्तर देणारा ओकॅमलचा प्रॉम्प्ट, सांगतो: ‘वीक-१ लिस्ट रेफ’. समजा, त्याने उदार होऊन ‘कुठल्याही टाइपच्या यादीचा रेफ’ असं म्हटलं असतं, तर? पहिल्या ओळीत मी त्यात आकड्यांची यादी भरतो. दुसऱ्या ओळीत तोच रेफ स्ट्रिंगच्या यादीचा मानून पहिला घटक काढतो आणि दुसऱ्या स्ट्रिंगला जोडतो. टाइप-तपासणी दोन्ही ओळी पास करते, आणि चालू प्रोग्राम आकड्याला मेमरीतला पत्ता समजून वाचायला जातो. म्हणजे सेगफॉल्ट: चुकीची मेमरी वाचायला गेलेला प्रोग्राम तिथेच कोसळतो. डब्यात भरलं मीठ, चहात घातली साखर म्हणून! ‘वीक’चा अर्थ एवढाच की टाइप एकच आहे, कोणता ते अजून ठरायचंय. आकडा भरून पुन्हा विचारा, ‘इंट लिस्ट रेफ’ असं उत्तर येतं. (नाव मात्र दिशाभूल करणारं आहे, हे मान्य. ओकॅमल ४.०६ च्या आधी नुसती अंडरस्कोअर असायची, ती तर कुणाच्या लक्षातही येत नसे.)

‘पण माझ्या कोडमध्ये रेफ नाहीच!’ ही तक्रार रास्त आहे. लिस्ट-मॅपला (यादीच्या प्रत्येक घटकाला दिलेलं फंक्शन लावणाऱ्या फंक्शनला) फक्त फंक्शन दिलं, यादी दिलीच नाही, तरी ‘वीक’ येतं. कारण कॉल केलेलं फंक्शन आत गुपचूप रेफ बनवतं की नाही, हे त्याच्या टाइपवरून कळत नाही. १९९५ मध्ये अँड्र्यू राइट यांनी म्हणूनच सोपा नियम सुचवला: व्याख्येत ‘=’च्या उजवीकडे कॉल नसून तयार व्हॅल्यू असेल तरच टाइप सर्वसाधारण, म्हणजे कुठल्याही टाइपला चालणारा, करायचा. हीच व्हॅल्यू रिस्ट्रिक्शन. ओकॅमलच्याच कुळातल्या स्टँडर्ड एमएल या भाषेच्या १९९७ च्या आवृत्तीने ती स्वीकारली. यात सुक्याबरोबर ओलंही जळतं, पण उपाय एका शब्दाचा आहे: यादीचा आर्ग्युमेंट ‘=’च्या दोन्ही बाजूंना लिहा. मग उजवीकडे सरळ फंक्शन उरतं. फक्त त्या अर्धवट कॉलमध्ये काही जड काम दडलं असेल, तर ते आता दर वेळी होईल, एवढं भान ठेवा. शिवाय जाक गारिग यांनी ओकॅमलमध्ये हा नियम सैल केला आहे. रिकामी यादी उलटी करायला दिली, तर कॉल असूनही पूर्ण पॉलिमॉर्फिक (कुठल्याही टाइपला चालणारा) टाइप मिळतो, कारण न बदलणाऱ्या यादीत कुणी नंतर काही भरू शकत नाही.

टाइप हाताने लिहून काय होतं? टाइप-व्हेरिएबल (टाइपच्या जागी ‘कुठलातरी टाइप’ असं नाव) लिहिलं तर कंपायलर ते निमूट घेतो आणि पुन्हा ‘वीक’च दाखवतो. ‘सर्व टाइपांसाठी’ असं ठासून लिहिलं तर एरर. ‘इंट’ लिहिलं तर ‘वीक’ जातं खरं, पण पॉलिमॉर्फिझमही जातो.

राहिलं हॅस्केल. तिथे रेफ आयओमधून (बाहेरच्या जगाशी होणारे व्यवहार वेगळे ठेवणाऱ्या टाइपमधून) ‘<-’ या बाणाने बाहेर येतो, आणि असं बांधलेलं नाव मुळातच एकाच टाइपचं असतं. बंधन तिथेही आहेच, फक्त दाराआड. अनसेफ-परफॉर्म-आयओ या, आयओची क्रिया जबरदस्तीने बाहेर चालवणाऱ्या फंक्शनने ते दार उघडून वरच्या स्तरावर रिकाम्या यादीचा रेफ बनवा, हाच सेगफॉल्ट तिथेही भेटतो. त्या फंक्शनच्या अधिकृत दस्तऐवजात नेमका हाच धोका उदाहरणासकट लिहिलेला आहे.