मार्क ट्वेनचं अर्धंच वाक्य

'उत्तम इंग्रजीचे पाच मंत्र' असा एक मेसेज नोकरीच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या ग्रुपांवर फिरतोय. विषय आहे मॉडिफायर, म्हणजे विशेषण, क्रियाविशेषण किंवा तेच काम करणारा शब्दसमूह. पाचातला एकही मंत्र जसाच्या तसा पाळण्यासारखा नाही.

पहिला मंत्र: 'विशेषण दिसलं की मारा, असं मार्क ट्वेन म्हणतो.' हा अमेरिकन लेखक तसं म्हणतो खरा, पण तिथे थांबत नाही. १८८० साली एका शाळकरी मुलाला लिहिलेल्या पत्रात हे आहे आणि लगेच पुढे तो सांगतो, की अगदी सगळी नको, पण बरीचशी मार, म्हणजे उरलेल्यांना किंमत येईल. मेसेज करणाऱ्याने नेमकं हेच कापलं.

दुसरा: ''ली'ने संपणारे शब्द सरसकट काढा.' 'कम्प्लीटली फिनिश्ड'मधलं 'कम्प्लीटली' खुशाल काढा, संपलं ते संपलंच. पण 'वी नियरली मिस्ड द ट्रेन'मधून 'नियरली' काढलंत तर मिळालेली गाडी हुकते. बातमीतून 'अलेजेडली', म्हणजे 'कथितरीत्या', गेलं की आरोपाचा गुन्हा होतो आणि वार्ताहराच्या दारात अब्रुनुकसानीची नोटीस येऊ शकते. (हा शब्द घातला की सुटका झाली, असंही नाही.) शिवाय 'फ्रेंडली', 'लोन्ली' ही विशेषणं आहेत, आणि 'सून', 'ऑफन' या क्रियाविशेषणांना 'ली' नाहीच. शब्दाचं शेपूट बघू नका. शब्द बोटाने झाका आणि वाक्य वाचा. अर्थ जागचा हलला नाही, तरच तो जाऊ द्या.

तिसरा: ''ओन्ली' कुठेही ठेवा, अर्थ तोच.' बोलताना खपतं, कारण आवाजाने जोर देता येतो. सोसायटीच्या नोटीस बोर्डाला आवाज नसतो. 'ओन्ली मेंबर्स कॅन पार्क हिअर ऑन संडेज' म्हणजे रविवारी बाहेरच्यांना मज्जाव. 'मेंबर्स कॅन पार्क हिअर ओन्ली ऑन संडेज' म्हणजे इतर दिवशी सभासदांनाही मज्जाव. आणि 'कॅन ओन्ली पार्क' लिहिलं, तर एखादा चिकित्सक विचारणारच, की इथे गाडी नुसती लावायची, धुवायची नाही का? मराठीतला 'च' शब्दाला चिकटलेला असतो, म्हणून 'सभासदच' आणि 'रविवारीच' यांत घोळ होत नाही. 'ओन्ली' सुटा आहे. लिहिताना तो ज्याच्याबद्दल आहे, त्याच्या लगेच आधी ठेवा.

चौथा मंत्र सर्वांत महागात पडणारा: 'वाक्याची सुरुवात 'आयएनजी'वाल्या क्रियापदाने करा, छाप पडते.' मग अर्जांत अशी वाक्यं येतात: 'हॅविंग कम्प्लीटेड माय बी.कॉम., युवर कंपनी इज माय फर्स्ट चॉइस.' अशा तुकड्याला स्वतःचा कर्ता नसतो. स्वल्पविरामानंतर जो कर्ता येतो, तोच त्याचाही धरला जातो. इथे तो आहे 'युवर कंपनी', म्हणजे बी.कॉम. झाली कंपनी! आपल्या कानाला हे खटकत नाही, कारण 'करून', 'जाऊन' यांतला आपला 'ऊन' प्रत्यय थोडा सैल आहे. 'पाऊस पडून रस्ते खराब झाले' यात पडला पाऊस, खराब झाले रस्ते, तरी वाक्य बिनचूक. इंग्रजीत ही सवलत बेताचीच. 'कन्सिडरिंग', 'रिगार्डिंग' असे काही शब्द आता नुसत्या शब्दयोगी अव्ययासारखे चालतात, त्यांना माफ. बाकी ठिकाणी स्वल्पविरामानंतर 'आय' आणा: 'हॅविंग कम्प्लीटेड माय बी.कॉम., आय वुड लाइक टु जॉइन युवर कंपनी.' किंवा सरळ दोन वाक्यं करा, छाप पडायची तर त्यानेही पडते.

आणि पहिल्या मंत्रात विशेषणं मारणारा हाच मेसेज पाचव्यात म्हणतो, 'रेझ्युमेत हार्डवर्किंग, सिन्सिअर, डायनॅमिक हे शब्द हवेतच.' मारायचीच तर ही मारा. आळशी माणूसही स्वतःला हार्डवर्किंगच लिहितो, त्यामुळे वाचणाऱ्याला त्यातून काही कळत नाही. त्याऐवजी 'फाइल्ड जीएसटी रिटर्न्स फॉर ट्वेल्व शॉप्स' असं काही लिहा. यातला 'ट्वेल्व' हाही मॉडिफायरच. तो ठेवा, अर्थात आकडा खरा असेल तर.