टूथपेस्ट नामंजूर

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या फार्मसीत एचएसएचं, म्हणजे औषधपाण्यासाठी करमुक्त पैसा साठवायच्या खात्याचं, कार्ड घासलं. यंत्राने डोकेदुखीच्या गोळ्या, बँडेज आणि सनस्क्रीन यांचे पैसे निमूट घेतले, टूथपेस्ट आणि ब्रश मागे ठेवले. कॅशियर मुलीने ‘उरलेल्याला दुसरं कार्ड द्या’ हे अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. एडिसनच्या रांगेत आपली पत पुण्यापर्यंत पोचायला दहा मिनिटं पुरतात.

मागे एक काका उभे होते. जिल्हा कोषागारातून निवृत्त, मुलाकडे तीन महिन्यांसाठी आलेले. माझं नावही न विचारता त्यांनी चौकशी समिती नेमली.

“दात शरीरात धरत नाहीत का इथे?”

“धरतात. रूट कॅनॉल चालतं, कवळी चालते, ब्रेसेस चालतात. टूथपेस्ट नाही.”

“म्हणजे किडेपर्यंत थांबायचं. आणि हे सनस्क्रीन? हे प्रसाधन नाही?”

“एसपीएफ १५ किंवा वर असेल तर नाही.”

काकांचे डोळे चमकले. आयुष्यभर वैद्यकीय प्रतिपूर्तीची बिलं ‘त्रुटीसह परत’ पाठवलेला माणूस. त्याला आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याच्या, प्रकाशन क्रमांक ५०२ मध्ये, वैद्यकीय खर्चाच्या यादीत, पेन्शनीनंतरचं कुरण सापडलं.

“जिम?”

“नाही.”

“डॉक्टरांनी सांगितलं तर?”

“तब्येत सुधारावी म्हणून सांगितलं तरी नाही. लठ्ठपणा किंवा रक्तदाब असं निदान झालं असेल तर वजन कमी करण्याच्या कार्यक्रमाची फी चालते. त्यातलं डाएटचं खाणं सहसा नाही.”

“च्यवनप्राश?”

“नाही.”

“मग खाण्यापिण्याचं काहीच नाही म्हणा की!”

“आहे. अंधांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्याचं खाणं चालतं. त्याचा डॉक्टर आणि साफसफाईसुद्धा.”

काका बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “कुत्र्याचं पास, च्यवनप्राश नापास. शेरा मारायला हवा.”

इथपर्यंत मजा होती. मग त्यांनी हातातला गुडघ्याचा पट्टा दाखवला, सोबत मुलाचं एचएसए कार्ड. पट्टा यादीत बसतो, यंत्र हूं की चूं करणार नाही. पण यंत्राला वस्तू कळते, गुडघा कोणाचा ते कळत नाही. हा पैसा स्वतःसाठी, जोडीदारासाठी आणि करदात्यावर अवलंबून असलेल्यांसाठी. त्यातही अवलंबून असणारा माणूस अमेरिकेचा नागरिक किंवा रहिवासी हवा, नाहीतर कॅनडा-मेक्सिकोत राहणारा. व्हिजिटर व्हिसावर आलेले आईवडील सहसा यात बसत नाहीत, मग त्यांचा सगळा खर्च मुलगा करत असला तरी. त्यांच्या व्हिजिटर इन्शुरन्सचा हप्ताही नाही. म्हणजे मेक्सिकोतल्या तिहुआनात राहणाऱ्या वडिलांना पोराच्या एचएसएचा आधार, सांगलीच्या वडिलांना नाही. आणि अपात्र खर्च केला तर त्या रकमेवर आयकर, शिवाय पासष्टीच्या आत असाल तर २० टक्के दंड. हे काकांना सांगताना हसू आलं नाही.

गावी गेल्यावर नियम आणखी वाकडा होतो. पुण्यात स्वतःचे दात करून घेतले तर एचएसएतून खुशाल भरा, पावती हवी. तिथे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषध घेतलं, तिथेच संपवलं आणि ते दोन्ही देशांत कायदेशीर असेल, तर तेही चालतं. उरलेल्या स्ट्रिप्स बॅगेत घालून आणायच्या म्हणून घेतल्यात, तर त्यांचा खर्च सहसा धरत नाहीत. साध्या दुकानी गोळ्यांनाही पूर्वी चिठ्ठी लागायची; २०२० च्या कायद्याने ती अट गेली आणि पाळीचे पॅडही आत आले. एवढं साधं ठरायला एक महामारी लागली.

मोकळीक दिसली की दलाल येतातच. एक प्रश्नावली भरा, आमचा डॉक्टर पत्र देईल, मग प्रोटीन पावडरही ‘वैद्यकीय’! मार्च २०२४ मध्ये आयआरएसने असल्या कंपन्यांबद्दल जाहीर इशारा दिला. विशिष्ट आजाराचं निदान आणि त्यावरचा उपचार नसेल तर पत्राला अर्थ नाही.

वर आपण राहतो न्यू जर्सीत. २०२६ साली कुटुंबासाठी ८,७५० डॉलरपर्यंत भरा, केंद्राचा कर वाचेल. राज्य मात्र हा प्रकार ओळखतच नाही. कॅलिफोर्नियाचंही तेच. मराठी माणसाने घर घ्यायला नेमकी हीच दोन राज्यं निवडली.

पावत्यांचं सांगायचं राहिलं. खातं उघडल्यानंतरचा खर्च वीस वर्षांनीही मागता येतो, मुदत नाही. पण फार्मसीचा कागद एका उन्हाळ्यात कोरा होतो, म्हणून त्याच दिवशी फोटो काढा. फोटोत तारीख आणि वस्तूचं नाव दोन्ही यायला हवं. नुसत्या कार्डाच्या चिठ्ठीवर फक्त रक्कम असते, आणि त्या रकमेत टूथपेस्ट होती की नव्हती हे तुम्हालाच सिद्ध करायचं असतं.