निबंध वाचून आलेला एक माणूस

पीएचडीचा प्रबंध देण्याआधी एक शोधनिबंध छापून आणायचा आणि परिषदांत दोन निबंध वाचायचे, ही सक्ती विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०२२च्या नियमांतून काढून टाकली. यामुळे दर्जा घसरेल, की नावापुरत्या परिषदांचा धंदा बसेल, यावर आपल्याकडे वाद घातला जातो. इंग्लंडमध्ये बसून तो वाचताना वाटतं, दोन्ही बाजू आकड्यांतच अडकल्या आहेत. निबंध वाचून झाल्यावर त्याचं पुढे काय होतं, हे फारसं कुणी विचारत नाही.

आपल्या कितीतरी चर्चासत्रांत एकाच सत्रात इतके निबंध कोंबतात, की शेवटच्याला पाच मिनिटं मिळतात आणि प्रश्नांना एकही नाही.

इथे अर्थशास्त्राच्या अनेक परिषदांत प्रत्येक निबंधाला एक चर्चक, म्हणजे त्यावर बोलणारा, नेमतात. निबंध त्याच्या हाती आधीच पडलेला असतो. चांगला चर्चक सुरुवातीला लेखकाचं म्हणणं आपल्या शब्दांत, दोन वाक्यांत मांडतो. लेखकाने मान डोलावली की मगच पुढे. मुद्दे दोन-तीनच, पण मुळाला हात घालणारे. उदाहरणार्थ, कर्जामुळे उत्पन्न वाढलं म्हणता. पण ज्यांचं वाढणारच होतं, त्यांनाच बँकेने कर्ज दिलं असेल तर? एवढ्यावर तो थांबत नाही. ज्यांचा अर्ज अगदी थोडक्या फरकाने नामंजूर झाला त्यांच्याशी तुलना करून पाहा, असंही सुचवतो. तक्त्यातल्या बारीकसारीक चुकांचा कागद मात्र सत्र संपल्यावर हातात देतो. भर सभेत त्या वाचून दाखवण्याने कुणाचंच भलं होत नाही.

लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीत, म्हणजे संख्याशास्त्रज्ञांच्या संस्थेत, आभाराचा ठराव मांडणाराच निबंधाची कसून तपासणी करतो. ही सगळी चर्चा लेखकाच्या उत्तरासकट निबंधाबरोबर छापतात. संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड कॉक्स यांचा १९७२चा गाजलेला निबंधही तसाच छापलेला आहे.

इथेही सगळं आलबेल नाही. काही चर्चक स्वतःचंच संशोधन दामटतात, काही बड्या नावापुढे गोड बोलून मोकळे होतात. उलट आपल्याकडे सत्र संपल्यावर अनोळखी विद्यार्थ्याला घेऊन तासभर बसणारे सर आणि मॅडम भेटतात. ती आपुलकी मी इथे क्वचितच पाहिली. फक्त ते बोलणं सभागृहात, सगळ्यांच्या कानावर पडेल असं व्हायला हवं.

त्यासाठी जादा पैसा लागत नाही. सत्रात तीनच निबंध घ्यावेत, पहिला प्रश्न विद्यार्थ्याला विचारू द्यावा. निबंध स्वीकारल्याच्या पत्रातच कळवावं, की तुम्हाला आणखी एकाच्या निबंधावर बोलायचं आहे, तो सोबत पाठवला आहे. आणि प्रमाणपत्र द्यायचंच, तर त्या बोलण्याचंही द्यावं.