जळालेले बूट

१९४०-४१ चा हिवाळा. फ्रान्सच्या डोंगराळ भागातलं ल शाँबों-सुर-लिन्यों हे गाव. संध्याकाळी पाद्रीबाबांच्या घराचं दार वाजलं. त्यांच्या पत्नी माग्दा त्रोक्मे चुलीपाशी होत्या. दारात बर्फाने भिजलेली, भेदरलेली एक ज्यू बाई, जर्मनीतून पळून आलेली. आत येऊ का, म्हणत होती. "या ना, आत या," माग्दा म्हणाल्या. तिला जेवायला बसवलं, तिचे ओले बूट चुलीशी सुकत ठेवले आणि ते जळाले! टंचाईच्या त्या दिवसांत चामड्याचे बूट आणायचे कुठून? माग्दा बूट शोधत गावात फिरल्या.

कागदपत्रांसाठी त्या मोठ्या विश्वासाने मेयरकडे गेल्या. एका परक्या बाईसाठी अख्खं गाव धोक्यात घालायचं? सकाळपर्यंत तिला घालवा, असं त्याने सांगितलं. तिला पुढे पाठवावं लागलं. त्यानंतर माग्दांनी सरकारी परवानगीची वाट पाहणं सोडलं. युद्ध संपेपर्यंत त्या पठारावर हजारोंना आसरा मिळाला.

असं वागायचं बळ येतं कुठून? तिथल्या प्रोटेस्टंट लोकांच्या पूर्वजांचाही धर्मापायी छळ झाला होता, ती आठवण घराघरात होती. माग्दांचे पती आंद्रे अहिंसावादी. हे सगळं खरंच आहे. पण माग्दा स्वतः काय सांगत? मदत करायला मी माणसं शोधत जात नाही, पण दारात आलेल्याला नाही म्हणत नाही. मला हे पूर्ण पटतं. सूप, अंथरुणं, रेशनकार्डं, रोज वाढणारी पानं, हे सगळं निभावणाऱ्या बाईला तत्त्वज्ञान मांडायला सवड कुठली? तिची नीती तिच्या हातांत होती.

आता पोलंडच्या झोफिया कोसाक-श्चुत्स्का. कट्टर कॅथलिक लेखिका. ऑगस्ट १९४२ मध्ये वॉर्सॉतलं ज्यूंचं हत्याकांड पाहून त्यांनी गुप्त पत्रक काढलं: खुनापुढे गप्प राहणारा खुन्याचा साथीदार होतो. त्याच पत्रकात ज्यू आमचे शत्रू आहेत असंही लिहिलं! ते वाक्य वाचून मला संताप येतो, आजही. पण मदत करणाऱ्याला तिथे मृत्युदंड होता, हे माहीत असूनही त्यांनी ज्यूंना वाचवणारी गुप्त संघटना उभारायला हात लावला. १९४३ मध्ये त्या पकडल्या गेल्या, आउशवित्झच्या नाझी छळछावणीत पाठवल्या गेल्या.

माग्दांवर माया करणं सोपं आहे. झोफियांची मतं मी कधीच मान्य करणार नाही, तरी त्या पत्रकासाठी त्यांच्यापुढे मान झुकते.