मायर फक्त सुपरचार्जरमुळे जिंकला? घड्याळ तसं सांगत नाही

‘1939 ची सीनियर टीटी बीएमडब्ल्यूच्या सुपरचार्जरने जिंकली, गेओर्ग मायर नुसता वर बसला होता. समोर तगडं कोणी नव्हतंच. टीटी जिंकणारा पहिला परदेशी म्हणून उगाच नाव झालं.’ जुन्या मोटारसायकल शर्यतींचा विषय निघाला की हे हमखास फिरतं. (टीटी म्हणजे ब्रिटनजवळच्या आयल ऑफ मॅन बेटावरची मोटारसायकल शर्यत, सीनियर हा तिचा 500 सीसीचा गट.) यातलं थोडं खरं आहे, बरंचसं चुकीचं.

आधी सुपरचार्जर, म्हणजे हवा-इंधनाचं जादा मिश्रण इंजिनात दाबून भरणारा कॉम्प्रेसर. 500 सीसीतून सुमारे 60 अश्वशक्ती, म्हणजे ताकद जास्त होती, वादच नाही. पण आयल ऑफ मॅनची एक फेरी जवळपास 60.7 किलोमीटरची, गावांतून आणि डोंगरावरून जाणारी. 1938 मध्ये हॅरॉल्ड डॅनिएलने सुपरचार्जर नसलेल्या एक सिलिंडरच्या नॉर्टनवर ती 24 मिनिटं 52.6 सेकंदांत मारली होती. मायरला 1939 मध्ये हा विक्रम मोडता आला नाही. तो 1950 पर्यंत टिकला. मायरने सात फेऱ्यांची सरासरी ठेवली ताशी 143.8 किलोमीटर, डॅनिएलची आदल्या वर्षीची होती 143.4. नुसत्या यंत्राने मैदान मारलं असतं तर फरक एवढासा राहिला नसता. 425 किलोमीटर तोच वेग धरून ठेवणं, ही कमाई माणसाची.

शिवाय हे इंजिन सांभाळायला सोपं नव्हतं. क्रँककेसच्या पुढे बसवलेल्या कॉम्प्रेसरची पाती सरकती, त्यांना तेल लागतं आणि ते मिश्रणाबरोबर सिलिंडरमध्ये जातं. थंड इंजिनात शर्यतीचा प्लग लावला तर तो तेलाने माखतो आणि ठिणगीच देत नाही. गरम करायचा प्लग शर्यतीत ठेवला तर तो लाल होऊन मिश्रण वेळेआधीच पेटवतो आणि पिस्टन जातो. म्हणून एका प्लगवर इंजिन तापवायचं, मग सुरुवातीच्या तोंडावर प्लग बदलायचे. तापलेल्या ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये प्लग जरा तिरका गेला की आटे गेलेच. 1938 मध्ये मायरचं नेमकं हेच झालं: प्लगचे आटे गेले आणि पहिल्याच फेरीत शर्यत संपली. ‘फुकटची ताकद’ म्हणणाऱ्यांनी हे वर्ष विसरू नये.

समोर कोणी नव्हतं? नॉर्टन कारखान्याने 1939 मध्ये अधिकृत संघ उतरवला नाही, हे मान्य. पण फ्रेडी फ्रिथ नॉर्टनवर तिसरा आला, व्हेलोसेटवर स्टॅनली वुड्स चौथा. एजेएसच्या चार सिलिंडरच्या गाड्यांना तर सुपरचार्जर होता आणि त्या पहिल्या दहांतही आल्या नाहीत! दुसरा आलेला जॉक वेस्ट बीएमडब्ल्यूवरच होता, म्हणजे तसल्याच गाडीवर. तरी मायर दोन मिनिटांहून जास्त पुढे. त्याच शर्यतीच्या सरावात बीएमडब्ल्यू संघातला कार्ल गाल बॅलाफ इथे पडला आणि जिवानिशी गेला. अशा आठवड्यात मायर उतरला होता.

पहिला परदेशी मात्र तो नाही. 1937 मध्ये इटलीच्या ओमोबोनो टेन्नीने मोटो गुझीवर लाइटवेट (250 सीसी) टीटी जिंकली, 1938 मध्ये जर्मनीच्याच एवाल्ड क्लुगेने डीकेडब्ल्यूवर. मायरचा मान सीनियर गटापुरता.

आणि सुपरचार्जर काढून घेतल्यावर? युद्धानंतर आंतरराष्ट्रीय शर्यतींत त्यावर बंदी आली, जर्मनीत तो 1950 पर्यंत चालला. त्या वर्षांतली मायरची जर्मन विजेतेपदं त्यामुळे बाजूला ठेवायची तर ठेवा. 1953 चं 500 सीसीचं जर्मन विजेतेपद उरतंच: सुपरचार्जर नसलेल्या बीएमडब्ल्यूवर, वयाच्या 42 व्या वर्षी.