सवाईतल्या आमच्या पिठलं-भाकरीच्या स्टॉलबद्दलच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवातल्या आमच्या स्टॉलबद्दल तुम्ही लिहिलंत, ते घरातल्या सगळ्यांनी वाचलं. भाकरीसाठी वीस मिनिटं थांबावं लागलं, तेवढ्यात आतली विलंबित बंदिश हुकली, फलकावर असूनही हुरडा मिळाला नाही, पावभाजी-पनीर काहीच नव्हतं आणि ‘गावरान’च्या नावाखाली १८० रुपये घेतले, असं तुमचं म्हणणं. गाण्यासाठी आलेल्या माणसाचं गाणंच हुकलं की किती चुटपुट लागते, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

आमची ज्वारी मंगळवेढ्याकडची, मालदांडी. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, आणि दळून ठेवलं की त्याची विरी, म्हणजे धरून राहण्याची ताकद, जाते. मग थापताना कडा फाटतात. म्हणून पीठ रोज सकाळी ताजं दळून येतं आणि भाकरी मागणी आल्यावरच थापली जाते. गरम पाण्यात पीठ मळायचं, परातीत थापायचं, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकलं की उलटायची आणि शेवटी आचेवर फुगवायची. एका तव्यावर एका वेळी एकच होते. दुपारीच करून चळत रचून ठेवली असती, तर तुम्हाला लगेच मिळाली असती. पण गार आणि चिवट. ती आम्ही कुणाच्याच ताटात वाढणार नाही. त्यात एका कलाकाराचं गाणं संपून पुढच्याचे तानपुरे जुळेपर्यंत अख्खा मंडप एकदम बाहेर येतो. थापणाऱ्या मावश्यांचे हात त्या वेळात क्षणभर थांबत नाहीत, हे तुम्हीही पाहिलं असेल.

आता हुरडा. फलकावर त्याच्यापुढे ‘आला तर’ असं लिहिलेलं असतं, आणि ते मनापासून लिहिलेलं असतं. रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात, आणि सवाई येते डिसेंबरात, म्हणजे हुरड्याच्या अगदी तोंडावर. पेरणी जरा लांबली की कणसं त्या आठवड्यात तयार नसतात. आमच्या शेतकऱ्याची यंदा लांबली. दाणा दुधात, कोवळा असतो तेवढे थोडेच दिवस हुरडा. पुढे त्याची ज्वारी होते. बाजारात गेल्या हंगामातला गोठवलेला मिळतो, तो आणून गरम करून देता आला असता. गूळभेंडी ज्वारीचा ताजा हुरडा लसणाच्या चटणीबरोबर ज्याने खाल्लाय, त्याच्यापुढे तो ठेवायला आमचा हात धजत नाही.

पनीर-पावभाजी पुण्यात बारा महिने मिळते. डिसेंबरात या मातीत जे येतं, ते मात्र फार थोडे दिवस असतं: चाकवत, पावटा, हरभऱ्याचा कोवळा पाला, भरताची वांगी. पुरंदरचे अंजीर तर झाडावर पिकूनच उतरवावे लागतात आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडतात, त्यामुळे पहाटे येतात तेवढेच विकतो. देशभरातून माणसं इथे गाणं ऐकायला येतात. त्यांनी पुण्याच्या आसपासच्या शेतातलं त्या आठवड्याचं जेवण जेवून जावं, एवढ्यासाठीच आम्ही हा स्टॉल लावतो.

१८० रुपयांत दोन भाकऱ्या, पिठलं, भरीत, ठेचा, लोणी आणि कांदा. तिसरी भाकरी मागितली तर तिचे पैसे घेत नाही. भाजी आम्ही थेट शेतकऱ्याकडून घेतो आणि भाव पडला म्हणून त्याला कमी देत नाही. मावश्यांची दिवसाची मजुरी त्याच दिवशी संध्याकाळी हातात देतो. या दोन गोष्टी सांभाळून ताट याहून स्वस्त देता येत नाही.

पुढच्या वर्षी याल तेव्हा मंडपात शिरतानाच टोकन घेऊन ठेवा आणि कोणत्या कलाकारानंतर जेवणार ते सांगा. त्या वेळेला भाकरी तव्यावर टाकू. हुरडा हवा असेल तर शेवटच्या दिवशी या, तेव्हा मिळण्याची शक्यता जास्त.